ताटाची डावी बाजू

खाडीकाठच्या संशोधन केंद्राच्या कँटीनमध्ये समोरच्या भाबलकाकांचं ताट पाहून डॉ. यमुना केळुसकरचा घास हातातच राहिला. भात, आमटी, भाजी सगळं चाटूनपुसून साफ. त्यांच्या डावीकडचं लिंबू, चटणी, कोशिंबीर मात्र जशीच्या तशी. वर काका वाढणाऱ्या गोदाक्कांकडे कुरकुरत होते, "आज चटणीक सुट्टी काय गो, गोदाक्का?"

हरेश्वर भाबल म्हणजे चाळीस वर्षं इथल्या खडकांतून बोटी काढणारे तांडेल. त्यांच्या मेंदूतल्या नकाशाची 'स्मृतिछाप' यमुनाने गेल्या महिन्यात घेतली आणि बारा नव्या तांडेलांच्या मेंदूंत उमटवली. वीस वर्षांची शिकवणी वीस मिनिटांत! छाप मुरायला महिना लागतो. तो आज पुरा झाला होता आणि दोन वाजता ते बाराजण पहिल्यांदाच प्रवासी घेऊन निघणार होते.

तिने मेंदूतज्ज्ञ डॉ. मुल्लांना फोन लावला.

"मेंदूला लहानसा झटका येऊन गेलाय त्यांच्या," छाप घेतानाचे आलेख पाहून मुल्ला म्हणाले. "छाप घेण्याच्या आधीच. डोळे ठणठणीत आहेत, पण मेंदूच्या लेखी डावी बाजूच उरलेली नाही. आणि ती नाही, हेसुद्धा त्यांना कळत नाही."

"पण मी फक्त नकाशा उचललाय!"

"अहो, मेंदूत नकाशा गुंडाळी करून ठेवलेला नसतो. आधी कुठे पाहायचं, मग कुठे, ही सवय म्हणजेच नकाशा. छापेबरोबर तीही जाते. बोटी थांबवा."

बोटी थांबवायच्या म्हणजे सात वर्षांच्या कामावर पाणी! मग यमुनाला आठवलं, काकांची छाप सगळ्यांत आधी तर तिने स्वतःच्याच मेंदूत उमटवली होती. तिला कुठे काय झालंय? मेंदूच्या चाचणीत काढायला लावतात तसं तिने जेवता जेवता कागदावर घड्याळ काढलं, आकडे मोजले. बाराच्या बारा. छे, मुल्लांनी उगाच घाबरवलं! तिने जेट्टीवर फोन करून सांगितलं, "सोडा बोटी."

जेट्टीवर पहिला भोंगा वाजला; दुसऱ्याला बोटी सुटणार होत्या. ताट उचलायला आलेल्या गोदाक्का थबकल्या.

"बाई, तुम्हीपण? लिंबू, चटणी, सगळं तसंच! आणि ह्या घड्याळाचे आकडे सगळे उजव्याच अंगाला कोंबलेत ते?"

यमुनाने ताटाकडे पाहिलं. ताट रिकामं होतं. कागदाकडे पाहिलं. घड्याळ पूर्ण होतं. मुल्लांचं वाक्य तिला आठवलं: ती नाही, हेसुद्धा कळत नाही.

"फोन! माझा फोन कुठाय? बोटी थांबवायच्यात!"

दुसरा भोंगा वाजला.

"अगो बाय, हा काय, डाव्या हाताकडे," गोदाक्का म्हणाल्या.

यमुना पुन्हा उजवीकडेच चाचपू लागली.