चारही दिशांनी टूं टूं

"हे कुठंतरी गेलेत हो!"

हरवलेली माणसं शोधून देणाऱ्या ताईंच्या कचेरीच्या दारात आजी धापा टाकत उभ्या होत्या. खांद्याला पिशवी, हातात रिसीव्हर. आजोबा जन्मभर रेडिओ दुरुस्त करायचे. आता त्यांना नावं आठवत नसत, रस्ते तर नाहीच. म्हणून मुलानं त्यांच्या कोटाच्या खिशात नाण्याएवढा ट्रान्समीटर ठेवला होता; त्याची खूण रिसीव्हरवर टूं टूं वाजे.

"दूध आणून ठेवते तो घर रिकामं. निघताना तर पिशवीसुद्धा कौतुकानं हातात दिली मला. अंधार पडला की घाबरतात ते."

"हा एकच रिसीव्हर?" ताईंनी विचारलं.

"दोन आहेत. दुसरा खुंटीवर नव्हता. मुलानं नेला असेल."

शोधकामात ताईंना सोबत असे ती निवृत्त ड्रॉइंग मास्तरांची. ताईंनी रिसीव्हर त्यांना दिला.

"छातीशी धरा, सावकाश गिरकी घ्या. आवाज वाढेल ती त्यांची दिशा. पाठ केलीत की आपलंच अंग आड येतं, आवाज बारीक होतो."

मास्तर फिरले. टूं टूं टूं. "चारही दिशांना सारखाच! बिघडलंय हे डबडं."

तिघं आजींच्या गल्लीत आले. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, "गेले ना, कोट घालून. कानाशी रेडिओ का काय होता. मध्येच थांबून गिरक्या घेत होते. म्हटलं, आजोबा, या वयात नाच?"

दूधवाला म्हणाला, "आजी गेल्या नि हे आले. 'सापडेल, वाजतंय' म्हणाले."

आजी पुलाकडे धावल्या, तिथून बागेकडे. आवाज तसाच. ऊन कललं. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आजी, या बाकावर बसा," ताई म्हणाल्या.

"बसू? नि ते तिकडे..."

"तुम्ही पळताय म्हणून ते सापडत नाहीत. मास्तर, आवाज सगळीकडून सारखा येतो तो ट्रान्समीटर अगदी जवळ असला तरच. आपण मैलभर चाललो, तोही चालला. पिशवी बघा."

पिशवीच्या तळाशी, रुमालात नीट गुंडाळलेला ट्रान्समीटर होता.

"पिशवी त्यांनीच दिली होती. खुंटीवरचा रिसीव्हरही त्यांनीच नेला. शिंप्याला दिसला तो नाच नव्हता, मास्तर, तुमच्यासारखीच गिरकी होती. नावं गेली, हातातली विद्या राहिली. रोज तुम्ही त्यांना शोधत वणवण करता ना, आजी? त्यांच्या लेखी हरवता तुम्ही."

आजी बसून राहिल्या. मास्तरांनी रिसीव्हर बंद केला. तरी कुठूनतरी येतच होतं, आधी बारीक, मग जवळ: टूं टूं.

वळणावर एक कोट दिसला. थांबला, स्वतःभोवती फिरला, सरळ आला.

"किती हिंडतेस गं!"

"वाट चुकले," आजी म्हणाल्या.

"चल. मला रस्ता ठाऊक आहे."

त्यांनी तिचा हात धरला आणि उलट्याच दिशेनं निघाले. आजीही निघाल्या, पुढच्या वळणावर त्यांना हळूच वळवत.