पाचवं गिऱ्हाईक

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वेल्डिंगवर्गातला आदर्श शिवणवर्गाच्या दारात आला आणि त्यानं कामाचा कोट शिवून मागितला.

कसबा बावड्यातल्या त्या प्रशिक्षण संस्थेत हे दोन वर्ग मैदानाच्या दोन टोकांना. शिवणवर्गातल्या संयोगितानं त्याला कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला हवं होतं तेच. उद्योजकतेच्या तासाला कृष्णात सरांनी अट घातली होती : शनिवारी पाचपर्यंत पाच गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी वहीत हव्यात, तीही अनोळखी माणसांच्या. जमलं तर फाटकालगतचा गाळा वर्षभर दुकानाला मिळणार. नाही जमलं तर संयोगिताला आपल्या गावी, बिद्रीला परत जायचं होतं. तिची चार गिऱ्हाइकं झाली होती.

"या पावणं," म्हणत तिनं टेप उलगडली.

बुधवारी तो कोट घेऊन परत आला. छातीवर बटण लागत नव्हतं.

"माप घेताना श्वास रोखून धरलासा व्हय?"

"धरला न्हाय..." तो टेपकडे बघत म्हणाला, "ऱ्हायला आपोआप."

तिनं मान खाली घालून शिवण उसवली. गुरुवारी खिसा खाली आला म्हणून, शुक्रवारी कॉलर टोचते म्हणून तो पुन्हा आला. साखर कारखान्याकडून उकळत्या रसाचा गोडसर वास यायचा, मैदानापलीकडे वेल्डिंगचा निळा प्रकाश लखलखायचा, मध्येच थांबायचा... आणि इकडे मशीनवरचा तिचा पायही थांबायचा. चेहऱ्यावर काच ओढलेल्या त्या रांगेत तो कुठला, हे तिला आता लांबूनच कळत होतं.

शनिवारी चार वाजून वीस मिनिटांनी सरांनी वही तिच्यापुढं धरली. प्रत्येक नावापुढं सही करायची होती : हे गिऱ्हाईक माझ्या ओळखीचं नाही. चार सह्या झाल्या. पाचव्या नावावर पेन थबकलं.

कोट घालून आदर्श दारातच उभा होता. "करा की सही. मला कोण वळखतंय हितं?"

"मी वळखते की," ती हळूच म्हणाली आणि तिनं त्याचं नाव खोडलं.

सरांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. आदर्श वळला आणि फाटकाकडे धावत सुटला.

चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी त्यानं रस्त्यावर एका अनोळखी बाईंची मोपेड थांबवली होती. तो कोटाचा खिसा, कॉलर दाखवत होता. काय बोलत होता ते खिडकीत उभ्या संयोगिताला ऐकू येत नव्हतं. बाईंनी एकदा शिवणवर्गाकडे पाहिलं. गाडीचं इंजिन मात्र अजून चालूच होतं.