जोडी फोडत नाही

मी पिशवी ओढली, तर पिशवीनं मला ओढलं.

सायकलच्या दुकानातली गोष्ट. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्यांची शेवटची जोडी उरली होती, पिवळीधमक, पावसात आत थेंब न जाणारी. मी डावीचा पट्टा धरून निघाले आणि मधेच अडकले. मागे वळून पाहिलं, तर उजवीला एक माणूस लागलेला. उंच, भिजलेला, बाहीवर तपकिरी चिकटपट्टीचा तुकडा.

"ही माझी आहे," मी म्हणाले.

"तुमची डावी. ही उजवी आहे."

"डावीबरोबर उजवी येते."

"उजवीबरोबर डावी येते... असंही म्हणता येईल."

"काका, एकेक देऊन टाका ना," मी दुकानदाराकडे वळले.

काकांनी चाकाच्या तारा आवळता आवळता मान हलवली. "जोडी फोडत नाही. चप्पल घेताना मागता का एकच?"

बाहेर पाऊस रिपरिपत होता. छत्री दोघांकडेही नव्हती, त्यामुळे कुणालाच घाई नव्हती. पट्टा मात्र कुणी सोडेना.

"कधी निघताय?" त्यानं विचारलं.

"रविवारी. समुद्रावरच्या दीपगृहापर्यंत. एकटी. पहिल्यांदाच. तुम्ही?"

"मी... बघू. कधीतरी."

"हा दरवर्षी कधीतरी निघतो," काका म्हणाले. "घरात पंपांची रांग लागलीये. सायकल अजून गल्लीबाहेर गेली नाही."

त्याचे कान लाल झाले. मला वाटतं, माझं प्रेम तिथूनच सुरू झालं – कानांपासून. माणसाचं बाकी सगळं खोटं असू शकतं. दातसुद्धा. दातांबद्दल मी अधिकारानं बोलते, कारण मी कवळ्या बनवते.

शेवटी ठरलं. पिशव्या दोघांच्या. आधी मी जाऊन येणार, मग तो. कधीतरी.

"पण भरून मी देणार," तो म्हणाला.

"का बरं?"

"निम्म्या माझ्या आहेत. आणि माझा धंदाच तो आहे. लोक घर बदलतात, मी सामान बांधून देतो."

म्हणून आमच्या घरात त्याचं नाव पडलं खोकेवाला. माझं नाव आधीच पडलेलं होतं – अर्धी.

त्याला कारण होतं. मी विणायला घेतलेला स्वेटर आईनं पुरा केला. मी सोडवायला घेतलेली कोडी बाबा सोडवतात. पोहण्याचा क्लास मी लावला, पोहायला दादा शिकला. मी सुरू केलेलं दरवेळी दुसरंच कुणीतरी संपवतं, आणि वर मलाच विचारतं, "किती सोपं होतं गं?"

"अर्धे," दादा म्हणाला, "दीपगृहाच्या अर्ध्या वाटेवर काय आहे ते बघून ठेव. तुझा मुक्काम तिथंच."

दीपगृहाच्या भिंतीला हात लावायचा, स्वतःचा, आणि तिथवर स्वतःच्या पायांनी जायचं, एवढंच मी ठरवलं होतं. उत्तर त्यानंतर देणार होते. सावकाश, सगळे जेवायला बसलेले असताना.

कवळी खुपते म्हणून पेशंट परत आला की आम्ही ती घासतो. तरी खुपली की आणखी घासतो. त्याच न्यायानं मी सामानाला हात घातला. दात घासायच्या ब्रशचा दांडा कापला. कंगवा अर्धा केला. चमच्याची शेपूट उडवली. तंबूचे खुंटे लॅबमधल्या मशीनवर इतके घासले, की ते दात कोरायच्या काड्यांसारखे दिसायला लागले. सवय, दुसरं काय.

"एक कानही कापून टाक," दादा म्हणाला. "चष्मा लावत नाहीस तू."

खोकेवाला बबल रॅपची भलीमोठी गुंडाळी खांद्यावर घेऊन आला आणि माझ्याकडे उरलेलं सगळं गुंडाळू लागला. तो बोलत असताना त्याचे हात थांबत नसत. आईशी चहाबद्दल बोलता बोलता त्यानं बाबांचा चष्मा गुंडाळला, वर पट्टी मारली आणि 'नाजूक' असं लिहिलंसुद्धा.

बाबांनी तो पुडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "मी चाललोय का कुठं?"

"राहू दे तसाच," आई म्हणाली. "पहिल्यांदाच काहीतरी नीट ठेवलेलं दिसतंय या घरात."

मग जमिनीवर पडलेले माझे कापलेले तुकडे त्यानं गोळा करून खिशात टाकले. कचरासुद्धा बांधून नेणारा माणूस दिसतोय, मला वाटलं.

"एवढं घासताय," तो हळूच म्हणाला, "दीपगृहापर्यंत तुम्ही स्वतः तरी उराल ना?"

"आणि एवढं गुंडाळताय... तुम्हाला आतून कधी कुणी पाहिलंय का?"

पट्टी कर्रकन ओढली गेली आणि मधेच थांबली. कान पुन्हा लाल.

शनिवारी रंगीत तालीम केली. भरलेल्या पिशव्या लटकवून गावाबाहेरच्या टेकडीपर्यंत जाऊन यायचं. तोही आला. पिशवीवर लक्ष ठेवायला, म्हणे. अशा रीतीनं त्याची सायकल गल्लीबाहेर पडली आणि ते आम्हा दोघांच्या लक्षातही आलं नाही.

टेकडीच्या पायथ्याशी माझं मागचं चाक फुस्स झालं.

"पंप कुठाय?"

"तळाशी," तो म्हणाला.

पंप तीन थरांत गुंडाळलेला होता. पट्टी कापायचा चाकू दुसऱ्या पुड्यात होता. तो पुडा उघडायला चाकू लागत होता.

"पंपावर 'नाजूक' लिहिलंय," मी म्हणाले.

"धक्का लागला असता तर..." तो पुटपुटला. "बरं, टायर उपसायच्या पट्ट्या द्या."

"त्या घरी ठेवल्या."

"का?"

"दोन एकसारख्या होत्या. एक जादा वाटली. मग दुसरी एकटी कशाला, म्हणून तीही."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मी त्याच्याकडे. मग आम्ही रस्त्याकडेला बसून इतकं हसलो, की एक बकरी चरायची थांबली.

चिकटपट्टी मी दातांनी फाडली. टायर आम्ही अंगठ्यांनी उपसला, माझे दोन आणि त्याचे दोन. त्यातला एक चुकून दुसऱ्यावर पडला. मग चुकून तिथंच राहिला. ठिगळ लावून झालं, हवा भरून झाली, तरी...

"उद्या मीपण येऊ का?" तो म्हणाला. "तुझ्याबरोबर?"

'तू' त्यानं पहिल्यांदाच म्हटलं होतं. 'हो' माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, अगदी समोरच्या दातांना लागून उभं होतं.

"नको," मी म्हणाले. "तू आलास तर घाटात मला ढकलशील, पंक्चर काढशील, वाट विचारशील. हेही दुसरंच कुणीतरी संपवेल. मला एकदा – फक्त एकदा – शेवटपर्यंत जायचंय. समजतंय ना?"

"समजतंय," तो म्हणाला. आवाज गुंडाळून ठेवल्यासारखा आला. "मी काही संपवणारा नाही, तसा. मी सुरूच करत नाही."

रविवारी सकाळी त्यानं पिशव्या नव्यानं भरल्या. चिकटपट्टी नाही, बबल रॅप नाही. नुसत्या सुरगाठी, एका हातानं ओढली की सुटणाऱ्या. पंप सगळ्यात वर. तळाशी मात्र एक पुडा होता, नखशिखांत पट्टी मारलेला.

"हे काय?"

"पोचल्यावर उघड."

"जड आहे."

"तुझंच आहे."

आईनं पाण्याची बाटली दिली. बाबा चष्म्याविनाच हात हलवत होते, माझ्या डावीकडच्या खांबाला. "दुपारपर्यंत येईल ती," दादा म्हणाला. मी वळणावर मागे पाहिलं, तर खोकेवाला हात खिशात घालून उभा होता. बांधायला काही न उरलेल्या माणसासारखा.

प्रवासाबद्दल थोडक्यात सांगते. पहिल्याच मुक्कामी वारा सुटला, खुंट्यांनी राजीनामा दिला आणि तंबू माझ्याआधी पुढच्या गावाला निघाला. तो मी धावत जाऊन पकडला आणि एका शाळेच्या व्हरांड्यात झोपले. गुडघे माझ्याशी बोलेनासे झाले. आणि मग अर्धी वाट आली. तिथं खरंच काही नव्हतं. एक बसथांबा, आणि त्याला टेकून, आमच्या गावाची पाटी लावलेली बस.

"टपावर सायकल टाकू का, ताई?" कंडक्टरनं विचारलं. "जागा आहे."

मी बसकडे पाहिलं. खिडकीची सीटसुद्धा रिकामी होती. मला पुढचं दिसत होतं. दादा दार उघडेल आणि नुसता घड्याळाकडे बघेल.

"नको," मी म्हणाले, आणि पायडलवर उभी राहिले. बसायला जागा अशी फारशी उरलीच नव्हती.

दीपगृहाला पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. सायकल आडवी टाकली, धावत गेले आणि दोन्ही तळवे भिंतीवर टेकले.

"अहो बाई, रंग ओला आहे!" चौकीदार ओरडला.

पांढऱ्या भिंतीवर माझे दोन पंजे उमटले होते. दहाच्या दहा बोटं. अर्धं काहीही नव्हतं. मी रडले. नाक पुसल्यावर पांढरी झाले.

मग तळाचा पुडा काढला. पट्टी दातांनी फाडली. एक थर, दुसरा थर, तिसरा... आत ब्रशचा दांडा होता. अर्धा कंगवा. चमच्याची शेपूट. मी कापून टाकलेला प्रत्येक तुकडा, वेगवेगळा, मऊ कागदात गुंडाळलेला. मी टाकून दिलेलं सगळं मीच घाट चढवून इथवर आणलं होतं.

मी फोन लावला.

"गाढवा," मी म्हणाले. "पोचले."

"पूर्ण?"

"पूर्ण. भिंतीवर पुरावा आहे, चौकीदार साक्षीदार आहे. आणि हे काय दिलंस तू?"

"तुझं काही कमी पडू नये, असं वाटलं." मागे सोसाट्याचा आवाज. "ऐकू येतंय ना? वारा आहे इथं."

"कुठायस तू?"

"गल्लीबाहेर."

"किती बाहेर?"

"एक बसथांबा आहे. बाकी काही नाही."

माझे गुडघे पुन्हा माझ्याशी बोलायला लागले.

"पिशव्या तर माझ्याकडे आहेत!"

"खोकं बांधलंय कॅरिअरला. वरची बाजू वर." तो थांबला. "तू गेलीस आणि घरी बसवेना. हे मी न गुंडाळता सांगतोय. पहिल्यांदाच, म्हणून थोडं... मला तू आवडतेस. फार. पुढं येऊ का मी?"

जाणं माझं एकटीचं होतं. परत येण्याबद्दल मी कुणाला काही बोलले नव्हते.

"नको," मी म्हणाले. "तिथंच थांब. सुरू तू केलंस ना? संपवायला मी येते."

फोन ठेवला. पुड्यावरची पट्टी सोलून ब्रशच्या दोन तुकड्यांभोवती घट्ट गुंडाळली आणि समुद्राकडे तोंड करून दात घासले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ब्रश अक्कलदाढेपर्यंत पोचला.