कोमट पेटी

सुट्टीचा चौथा दिवस, आणि टिकलीचा ताईसोबत पोहायला जायचा बेत पार बारगळला होता. ताई सकाळपासून कोणाशी धड बोलली नव्हती.

ताई म्हणजे टिकलीची मोठी बहीण. वाचनालयात लोकांसाठी ठेवलेले चार कॉम्प्युटर तिनेच बसवले होते. मशीन कुलूपबंद लाकडी पेटीत, बाहेर फक्त स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस. 'काम संपलं' या चौकटीवर क्लिक केलं की मशीन बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं आणि आधीच्या माणसाचं सगळं पुसलं जायचं. निदान जायला हवं होतं. कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या मावशींनी तिथे दवाखान्याचा अर्ज भरला, आणि त्यांच्या मागून बसलेल्या माणसाने तो अक्षरन् अक्षर वाचला. संध्याकाळपर्यंत त्यांच्या आजाराची बातमी गल्लीभर झाली.

वाचनालयाच्या प्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, सगळं खापर ताईवर फोडलं. खरं तर कॉम्प्युटर बसवून झाल्यावर त्यांनीच तिला वरच्या मजल्यावर पुस्तकांच्या नोंदींना धाडलं होतं, आणि खालची खोली स्वतःकडे घेतली होती. पण ऐकतो कोण? शनिवारी वाचनालयाच्या अध्यक्षबाई येणार आणि ताईची नोकरी जाणार, हे जवळपास ठरलंच होतं.

"ताईकडून चूक होणारच नाही," टिकली म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"पुरावा?" वकील म्हणाला. तो शेजारचा, आणि उठताबसता वाद घालायचा म्हणून त्याचं हे नाव.

पुरावा सापडला तो टिकलीच्या मामेभावाला, ढब्बूला. शुक्रवारी वाचनालय उघडताच तो खाली बसून पेटीला टेकला आणि तसाच राहिला.

"ही कोमट आहे," तो म्हणाला.

आतलं मशीन रात्रभर बंद, मग पेटी कोमट कशी? तिघं पुस्तकं उघडून समोरच बसले आणि वाचायचं सोडून बघत राहिले. दहाला रांग लागली. मशीन पुन्हा सुरू व्हायला चार मिनिटं लागत आणि रांग कुरकुरे, म्हणून साहेबांनी आपलीच युक्ती काढली होती. माणूस उठला की ते स्क्रीनखालचं बटण दाबत. स्क्रीन काळा. पुन्हा दाबत. स्क्रीन सुरू.

"झालं साफ," ते ऐटीत म्हणत.

ते बटण नुसतं स्क्रीनचं होतं; पेटीतलं मशीन बंद झालेलंच नसे! टिकलीला इतका राग आला की तिला तिथेच ओरडावंसं वाटलं. वकिलाने तिचा हात धरून ठेवला. नुसतं सांगून साहेब ऐकतील होय?

शनिवारी वकील सगळ्यांच्या आधी तिसऱ्या कॉम्प्युटरवर जाऊन बसला. अध्यक्षबाई आत आल्या तेव्हा त्याने टंकन संपवलं आणि नम्रपणे उठला. साहेबांनी रुबाबात बटण दोनदा दाबलं आणि बाईंना खुर्ची दिली.

बाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "हे माझं खासगी पत्र आहे. हे तुम्हाला दिसत असेल, तर शिवणवाल्या मावशींचा अर्ज का दिसला, ते साहेबांना विचारा."

साहेबांच्या कपाळावर घाम आला. बाईंनी ताईला वरून बोलावलं, सगळं ऐकून घेतलं आणि त्याच दिवसापासून ती खोली तिच्या ताब्यात दिली. साहेबांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. पोरांनो, तुम्ही आमचे डोळे उघडलेत, असं म्हणत बाईंनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला.

ताई मात्र हसली नाही. तिघांना घेऊन ती थेट मावशींकडे गेली. मावशींनी दार अर्धंच उघडलं आणि शांतपणे सगळं ऐकलं.

"तुझी नोकरी राहिली, बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "पण लोक आता कपडे शिवायला टाकत नाहीत गं माझ्याकडे."

टिकली पुढे झाली.

"मावशी, माझ्या शाळेच्या गणवेशाचं माप घ्याल?"

मावशींनी दार पूर्ण उघडलं आणि टेप शोधायला आत गेल्या.