मास्तरांचा पेला

ही गोष्ट खरी आहे. माझ्या आत्याच्या बाबतीत घडलेली, आणि तिचा शेवटचा भाग तर माझ्या डोळ्यांदेखत घडलेला. खोटं बोलून मला काय मिळणार? उलट हे सांगायला लागल्यापासून शेजारीण माझ्याकडचं पाणी प्यायची बंद झाली आहे.

आणि आधीच सांगून ठेवते. यात अमावास्या नाही, घुबड नाही, कुत्र्याचं रडणं नाही.

जे झालं ते भर दुपारी झालं.

पॅराग्वेतलं आमचं पिरायू गाव. जानेवारी १९३५. दुपारचा दीड वाजला असेल.

उत्तरेचा वारा सुटला होता. हा वारा चाकोच्या रानाकडून येतो आणि तिथे तेव्हा बोलिव्हियाशी आमची लढाई जुंपली होती. हा वारा सुटला की माणसाचं डोकं फिरतं. दूध नासतं, नवरा-बायको उगाच एकमेकांच्या अंगावर धावून जातात. सगळं गाव दारं लावून आडवं झालं होतं. दुपारच्या झोपेच्या वेळी आमच्याकडे कुणी कुणाच्या अंगणात पाऊल टाकत नाही. चोरसुद्धा नाही.

माझी आत्या देओलिंदा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. खाटेवर पडून ती कूस बदलत होती.

आणि तिला ऐकू आलं...

करक्... करक्... करक्...

बुटांचा आवाज. फाटकापासून आंब्याच्या झाडापर्यंत.

मग आवाज थांबला.

मग... टण्!

खिळ्यावरचा पत्र्याचा पेला कुणीतरी काढला होता.

देओलिंदाच्या तोंडचं पाणी पळालं. कारण त्या पेल्याला घरातलं कुणी हात लावत नव्हतं. तो एका माणसासाठी राखून ठेवलेला होता, आणि त्या माणसाच्या नावानं घरात त्याच दिवशी, मेलेल्याच्या आत्म्यासाठी म्हणतात ती, नवव्या दिवसाची जपमाळ होती.

तो माणूस म्हणजे लेफ्टनंट क्रिस्पिन वेरा.

तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. लढाईच्या दिवसांत आमच्या पोरी आघाडीवरच्या एखाद्या सैनिकाच्या 'मद्रिना' व्हायच्या, म्हणजे मानलेल्या धर्ममाता. ओळख ना पाळख, पण पत्रं लिहायची, तंबाखू पाठवायचा, त्याच्या नावानं मेणबत्ती लावायची. देओलिंदाच्या वाट्याला हा वेरा आला. दक्षिणेतल्या मिसिओनेसचा, आई-बापाविना वाढलेला, पोटापाण्यासाठी शाळामास्तर. लढाई पेटली तसा खडू ठेवून गेला आणि दोन वर्षांत अधिकारी झाला. ती त्याला पत्रात 'मास्तर'च म्हणायची.

त्यानं तिच्याकडे कधी काही मागितलं नाही. एकच गोष्ट मागितली.

"मला पाण्याबद्दल लिही."

चाकोत गोळीपेक्षा तहानेनं जास्त माणसं मरत होती. म्हणून ती लिहायची. आमच्या विहिरीचं पाणी किती गार आहे, आंब्याखालच्या माठाला घाम कसा सुटतो, पहिला पेला प्यायला की दात कसे शिवशिवतात. तो ही पत्रं आपल्या तुकडीला मोठ्यानं वाचून दाखवायचा. एकदा त्यानं सगळ्या तुकडीची नावं लिहून पाठवली. वर लिहिलं होतं, "माझी नवी शाळा. पट तीस. हजेरी शंभर टक्के, कारण पळून जायला जागाच नाही."

शेवटच्या पत्रात त्यानं लिहिलं, "लढाई संपली की आधी तुझ्या माठाचं पाणी पिणार, मग घरी जाणार."

तिनं उलट टपाली कळवलं, "तुमचा पेला खिळ्याला टांगून ठेवलाय, मास्तर. तुम्ही पिईपर्यंत त्याला कुणी ओठ लावणार नाही. माझा शब्द आहे."

त्या पत्राला उत्तर आलं नाही. सैन्याचा कागद आला.

तर त्या दुपारी आवाज बंद झाल्यावर देओलिंदानं दार किलकिलं केलं.

अंगणात कुणी नव्हतं.

पेला माठाशेजारच्या फळीवर ठेवलेला होता. काठोकाठ भरलेला. आणि तिनंच झोपण्याआधी झाडून स्वच्छ केलेल्या लाल मातीवर बुटांचे ठसे होते. फाटकातून आत आलेले...

बाहेर जाणारा एकही नव्हता.

"आई!" ती ओरडली. "अगं आई, ऊठ ना!"

तिची आई तोमासा डोळे चोळत आली. तिनं ठसे पाहिले, क्रूसाची खूण केली आणि सरळ आत वेदीकडे गेली. मृतात्म्याला तहान लागते म्हणून आमच्याकडे नऊ दिवस वेदीवर पाण्याचा ग्लास ठेवतात. जानेवारीच्या उन्हाळ्यात त्यातलं पाणी रोज बोटभर तरी खाली जातं. आत्मा पितो म्हणा, नाहीतर ऊन पितं म्हणा.

हा ग्लास नवव्या दिवशीही काठोकाठ होता.

"पीत नाही गं तुझा मास्तर," तोमासा हळूच म्हणाली. "तहानेनं मेलेला माणूस, दारापर्यंत येतो, आणि पीत नाही. काय चुकलं आपलं?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

करक्, करक्. टण्. मग माठात पेला बुडाल्याचा आवाज. मग काहीच नाही. मग बुटांची येरझार... माठापासून फाटकापर्यंत, फाटकापासून माठापर्यंत. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

असा महिना गेला. देओलिंदा वाळून काटकी झाली. तिच्या घशाखाली पाणी उतरेना. आपण शब्द दिला, माणूस त्या शब्दावर विसंबून मरणापलीकडून चालत आला, आणि तरी तहानलेलाच उभा आहे, हे तिच्या जिवाला खात होतं. पाद्री येऊन पाणी शिंपडून गेले. काही फरक पडला नाही.

सव्वीस फेब्रुवारीला आगगाडीतून एक लंगडा सार्जंट उतरला आणि पत्ता विचारत आला. त्याचं नाव एउलालिओ. वेराच्या तुकडीतला. मास्तरांची पत्रं परत द्यायला आला होता.

तोमासानं त्याला सावलीत बसवलं, येर्बाच्या पानांचं गार पेय, तेरेरे, पाजलं, मांडियोकाचा कंद उकडून दिला. मग देओलिंदानं भीत भीत सगळं सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं.

एउलालिओ हसला नाही. तेरेरे ओढायची नळी त्यानं खाली ठेवली.

"ते कसे पितील?" तो म्हणाला. "अहो, ते आमच्याआधी कधीच प्यायले नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे नियमच होता त्यांचा. आधी शिपाई, मग सार्जंट, शेवटी मास्तर. ते गेले त्या वेळी आम्ही सहा दिवस वेढ्यात होतो. जिभा लाकूड झाल्या होत्या. पहाटे एक पिंप कसंबसं पोचलं. मास्तरांनी रांग लावली, यादी काढली, पेला भरला. पहिल्याच्या ओठाला लागणार तेवढ्यात..." त्यानं तोंड फिरवलं. "गोळ्या सुटल्या. पिंपाची चाळण झाली. पाणी वाळूत. मास्तर मशीनगनला बसले आणि ओरडले, 'शाळा सुटली, पळा!' ते तिथेच बसून राहिले म्हणून आम्ही अकरा जण वाचलो. एकोणीस तिथेच राहिले. आणि ते."



मग तोमासानं कपाळावर हात मारला. "आणि आपण नऊ दिवस एकट्या साहेबासाठी जपमाळ म्हटली! वेदीवर एकच ग्लास! शरमेनं मान खाली घातली असेल गं त्यानं."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून देओलिंदा गल्लीभर पेले मागत फिरली.

"लग्न ठरलं की काय गं?" पलीकडची विचारती झाली.

"एकोणीस पाहुणे आहेत."

"एकोणीस? आणि मला बोलावणं नाही होय?"

दीड वाजता आंब्याखाली फळ्या टाकून एकोणीस पेले मांडले. शेवटी मास्तरांचा. सगळे भरले. मग तिघं आत गेली आणि कडी लावली. देओलिंदा खिडकीच्या फटीपाशी बसली आणि पत्रातली हजेरी वाचू लागली. एउलालिओ जिवंतांची नावं गाळायला सांगत होता.

"आगापितो सोसा."

वारा...

टिण्.

"बेनिग्नो काबायेरो."

टिण्.

एकेक नाव, एकेक पेला. एउलालिओ बोटांवर मोजत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. एकोणीस झाले.

करक्... करक्... बूट शेवटच्या पेल्यापाशी आले.

थांबले.

देओलिंदानं श्वास रोखला. आता पितील... आता...

करक्. बूट मागे फिरले. पुन्हा येरझार सुरू झाली.

"आता काय!" तोमासा रडकुंडीला आली. "सगळे प्याले की!"

एउलालिओचा चेहरा पांढराफटक पडला. "एक राहिला," तो पुटपुटला. "देवा, आम्ही कुणीच त्याला मोजलं नाही. आमच्याकडे एक कैदी होता. बोलिव्हियाचा. डोंगरातला, बारकासा. मास्तरांनी त्यालाही रांगेत उभं केलं होतं. आम्ही कुरकुरलो. तर म्हणाले, 'माझ्या वर्गात बसला, म्हणजे माझाच विद्यार्थी.'"

"नाव काय त्याचं?"

"विचारलंच नाही हो कधी."

देओलिंदा उठली. वेदीवरचा तो न आटलेला ग्लास तिनं उचलला, आईनं धरलेला झगा सोडवून घेतला आणि कडी काढून भर उन्हात बाहेर गेली.

अंगणात कुणी दिसत नव्हतं. पण मातीवर अनवाणी पावलंच पावलं होती; आमचे शिपाई लढाईतही अनवाणीच असायचे. एका ओळीत. पेले रिकामे, आणि कोरडे.

तिनं तो ग्लास विसावा पेला म्हणून मांडला.

"मास्तर," ती म्हणाली. "हा त्याचा. नाव मला माहीत नाही, पण त्याचाच आहे. आता तरी प्या."

आणि तिनं पाठ फिरवली.

आधी टिण् झालं.

मग तिच्या मागे, हातभर अंतरावर, कुणीतरी पाणी प्यालं. घटाघटा, श्वास न घेता, लहान मूल पितं तसं. मग एक मोठा सुस्कारा. मग पेला खिळ्याला अडकवल्याचा आवाज.

ती वळली तेव्हा पेला हलत होता.

पुढे तिनं त्या एउलालिओशीच लग्न केलं. "तिघांचा संसार," असं माझा बाप बहिणीला चिडवायचा. दर सत्तावीस फेब्रुवारीला आत्या पेले मांडायची आणि दरवर्षी ते रिकामे व्हायचे. बाप म्हणायचा, कोंबड्या. आमच्याकडे कोंबड्या नव्हत्या.

पण कधीकधी मास्तरांचा पेला भरलेलाच राहायचा...

तेव्हा आत्या यादी काढून बसायची आणि म्हणायची, "आणखी कुणीतरी रांगेत आलंय." आठ-पंधरा दिवसांत कुठूनतरी कळायचंच. त्या अकरांपैकी एक गेलेला असायचा. मग ती त्याच्या नावाचा पेला वाढवायची. एकाहत्तर साली एउलालिओमामांचा वाढवला तेव्हा मी तिच्या शेजारी उभी होते. अकरा वर्षांची. टिण् झालेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

हळूहळू सगळे आले. तीस नावं आणि तो बिननावाचा. यादी संपली. त्यानंतर मास्तरांचा पेला एकदाही भरलेला राहिला नाही.

आत्या गेल्या ऑगस्टमध्ये गेली. शंभराला दोन कमी. अठ्ठ्याण्णव वर्षांच्या बाईला काय रडायचं, असं लोक म्हणाले. मी रडले.

या सत्तावीस फेब्रुवारीला मी एकटीनं पेले मांडले. एकतीस. शेवटी मास्तरांचा. आत जाऊन कडी लावली. हजेरी वाचली. एकतीस वेळा टिण् झालं.

मग बूट आले. थांबले. आणि मागे फिरले.

मी दार उघडलं तर पेला काठोकाठ.

यादी मी तीनदा वाचली. तिच्यात कुणीच उरलेलं नाही. आणि तेव्हापासून हे त्या एका दिवसापुरतं राहिलेलं नाही. रोज दुपारी दीड वाजता अंगणात येरझार चालते. करक्... करक्... आज वीस दिवस झाले.

मला वाटतं, आत्या आहे. सैन्यातली नव्हती म्हणून मी तिला मोजलंच नाही. तीच चूक, जी तेव्हा त्या कैद्याच्या बाबतीत झाली होती.

आज सकाळी मी तिचा निळ्या फुलांचा कप धुऊन ठेवला आहे. उद्या दुपारी तो बत्तिसावा म्हणून मांडणार. तो रिकामा झाला, मास्तर प्याले, तर माझ्या जिवावरचं ओझं उतरेल.

पण नाही झाला तर...

तर मग ते कुणाची वाट बघतायत? या घरात आता मी एकटीच राहते.