बोरदऱ्याची सैल चेन

रोहिणीताई बसायलाच तयार नव्हत्या. बोरदऱ्याच्या सरपंच, वय जेमतेम तिशीचं, जामखेडच्या पलीकडून थेट नगरला आलेल्या. पण समोरच्या पोह्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. नारायणरावांना हे खटकलं. पोहे त्यांनी केले होते.

“मॅडम, आमच्या तलावातला गाळ काढायचं काम चाललंय. पण पोकलेन ज्या दोन लोखंडी चेनवर चालतं, त्यातली डावी रोज सकाळी सैल पडलेली असते. मशीन वळवलं की चेन उतरते आणि अर्धा दिवस ती चढवण्यात जातो. मशीनचे मालक म्हणतात, काम टाळायला ड्रायव्हरच रात्री सैल करतो. उद्या येऊन ते गोरक्षला काढणार. असा ठपका ठेवून काढलं, तर तालुक्यात कुणी त्याच्या हातात मशीन देणार नाही.”

“तुमचं काय म्हणणं?” सुचित्राबाईंनी विचारलं.

“पोरगं सरळ आहे. पण नुसतं म्हणून काय उपयोग?”

सुचित्रा दंडवते यांचा व्यवसायच खासगी तपासाचा. नारायणराव बँकेतून निवृत्त झाल्यापासून बायकोची गाडी चालवत आणि, स्वतःच्या मते, तपासही.

संध्याकाळी ते तलावावर पोचले तेव्हा काम नुकतंच थांबलं होतं. तळाशी अजून ओल होती, आणि कोरड्या काठावर आणून उभं केलेलं पोकलेन काळ्या गाळानं पार माखलं होतं. गोरक्षनं बकेट जमिनीला टेकवून मशीनची डावी बाजू उचलून दाखवली. अधांतरी झालेली चेन तारेसारखी ताठ होती.

“ही बघा. एवढी ताठ ठिवली तर तुटंल. म्हनून मी संध्याकाळी जरा ग्रीस सोडतो. चोरून न्हाई, सगळ्यांदेखत.”

त्यानं बाजूचा नट किंचित फिरवला. ग्रीसची जाड वळी बाहेर आली, चेन हवी तेवढी खाली झुकली, आणि त्यानं नट पुन्हा आवळला. आत ग्रीस भरलं की चेन ताणते, सोडलं की सैल पडते, एवढं नारायणरावांच्याही लक्षात आलं.

“आणि सकाळी?”

“सकाळी पार लोंबती, वळताना उतरती. ती चढवून मी परत ग्रीस भरतो. संध्याकाळी परत ताठ!”

“चेन आहे का रबर?” नारायणराव म्हणाले.

“मालकबी हेच म्हनत्यात,” गोरक्ष कसनुसं हसला.

“उजवी चेन?” सुचित्राबाईंनी विचारलं.

“तिला कायबी हुत न्हाई. पयल्या दिवशी सेट केली ती आजवर तशीच हाय. मी तिच्या बाजूलाच बाज टाकून झोपतो.”

सुचित्राबाईंनी नट फडक्यानं स्वच्छ पुसला. मग कपाळावरची टिकली काढून त्यांनी ती अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर चिकटवली. नट केसभर जरी फिरला, तरी टिकली फाटणार होती.

“अहो, असं काय बघताय? पर्समध्ये अख्खं पाकीट आहे.”

नारायणरावांचा संशय अमृतवर होता. अमृतचं स्वतःचं पोकलेन होतं आणि हे काम त्याला मिळालं नव्हतं. चहाच्या टपरीवर त्यानं सरळ कबूलच केलं.

“राग हाय, व्हय. लई राग हाय. पन शिव्या द्यायच्या तर मी दिवसाढवळ्या काठावर उभा ऱ्हाऊन देतो. विचारा कुनालाबी.”

कुणालाही विचारावं लागलं नाही. टपरीवरचे सगळेच हसले.

मुक्काम सूर्यभाननानांकडे होता. त्यांचं घर तलावाच्या काठालाच, मशीनपासून हाकेच्या अंतरावर. नानांनी उंबऱ्याआधीच तांब्या पुढे केला. “आधी पाय धुवा. मळल्या पायानं या घरात कुनी निजत न्हाई. मानूस न्हाई अन् जनावरबी न्हाई.”

गोठा मात्र रिकामा होता. बैल गेल्या साली विकले, हे नानांनी दावणीकडे बघत सांगितलं. दावणीशी पितळी घुंगरं लखलखीत घासून टांगली होती, आणि ओट्यावर पडलेलं खुरपं काळ्या चिखलानं भरलेलं होतं.

“तुमच्या शेतात तलावातला गाळ पडला वाटतं?” सुचित्राबाईंनी सहज विचारलं.

“कशाचा? अजून नंबर न्हाई आला. आमच्याकडं नुस्ता मुरूम. पन ती मशीन म्हंजी लक्ष्मी हाय, बाई. कोन पापी तिच्या वाईटावर हाय, देव जाने!”

सकाळी मालक धवलशेठ संगमनेरहून आले ते हिशोब मिटवायच्या तयारीनंच. काठावर गाव जमला होता. गोरक्षनं पिशवी भरून बाजेवर ठेवली होती आणि तो कुणाकडेच बघत नव्हता. डावी चेन लोंबत होती.

नारायणराव टिकली बघायला डाव्या बाजूनं धावले आणि घसरून सपशेल चिखलात बसले. तिथूनच त्यांनी जाहीर केलं, “टिकली शाबूत आहे!”

“मग काय भुतानं सैल केली?” धवलशेठ कडाडले.

“कुणीच नट फिरवला नाही,” सुचित्राबाई म्हणाल्या. “अहो, लागलं का? नाही ना? मग सांगा, मेच्या उन्हाळ्यात तुम्ही कशावर घसरलात?”

नारायणरावांनी खाली हात लावला. “ओलं आहे. आणि इथली चेन लख्ख आहे. पलीकडच्या चेनवर मात्र गाळ सुकून दगड झालाय.”

“तेच उत्तर आहे! दिवसभर गाळ चेनच्या आत, दातेरी चाकात नि रोलरवर ठासून बसतो. चेनला आत जागा उरत नाही, ती ताठ होते. गोरक्ष प्रामाणिकपणे ग्रीस सोडून ती बेताची करतो. मग रात्रीतून तो गाळ कुणीतरी काढून टाकतं. जाड मोजे घालून चपलेचा पट्टा बेतायचा आणि मग मोजे काढायचे. चप्पल सैल होणारच!”

“पन काढतंय कोन?” अमृतनं विचारलं.

“ज्याला गोरक्षची झोप मोडवत नाही, म्हणून जो फक्त डावीकडेच येतो. ज्याच्या शेतात गाळ नाही, पण खुरप्याला आहे. आणि ज्याच्या घरी दमलेलं जनावर मळल्या पायानं निजत नाही.”

सगळ्या माना वळल्या. सूर्यभाननानांचा चेहरा पांढराफटक पडला.

“मी… मी पाय धुतो तिचं,” ते कसेबसे बोलले. “सम्दा दिस गावासाठी राबती. बैल असतं तर धुतलंच असतं ना? लोक हसतील म्हनून पहाटं जायचो. माज्यापायी पोराच्या पोटावर पाय यील, हे ठावं असतं तर…”

कुणीच हसलं नाही. गोरक्षच पुढे झाला आणि त्यानं म्हाताऱ्याचा हात धरला.

“नाना, चूक माजीबी हाय. आधी गाळ काढायचा, मंगच चेन बघायची. मी उलटं करत बसलो. आता रोज काम सुटलं की दोघं मिळून धुऊ. दोन्ही बाजू.”

तिथल्या तिथे काम सुरू झालं. उजवी बाजूही खरवडून, धुऊन निघाली. अमृतनं शिव्या देत देत बादल्या आणल्या. गोरक्षनं एकेक बाजू उचलून चेन हवेत फिरवली, आत अडकलेला गाळ उडवला आणि दोन्हीकडे बेतानं ग्रीस भरलं. धवलशेठनी वाकून चेनचा झोल स्वतः तपासला. मग ते ताठ उभे राहिले.

“गोरक्ष, गावासमोर बोललो होतो, गावासमोरच माफी मागतो. मशीन तुझ्याकडेच राहील.”

गोरक्षनं मान डोलावली आणि तो केबिनमध्ये चढला. मशीन धडधडलं, चार हात पुढे गेलं आणि रोज जिथे चेन उतरायची तिथेच त्यानं ते गर्रकन वळवलं. चेन जागची हलली नाही. काठावरून अशी आरोळी उठली की झाडावरचे बगळे उडाले. रोहिणीताई सरपंचपण विसरून शिट्टी वाजवत होत्या, आणि चिखलानं माखलेले नारायणराव भान विसरून टाळ्या पिटत होते.

वर केबिनमध्ये गोरक्षनं मोबाईल कानाला लावला होता. “आये,” तो ओरडत होता, “मशीन माज्याकडंच ऱ्हायलं! काय? थांब, तूच ऐक.”

आणि त्यानं मोबाईल इंजिनाच्या दिशेनं खिडकीबाहेर धरला.