मावशीसाठी सहा किलोमीटर

चंद्राभोवती फिरणाऱ्या ‘प्रदक्षिणा’ स्थानकावर माणसं होती सहा, मेंदू होते सात आणि पाय म्हणावेत असे फक्त दोन. ते दोन पाय केरबा मगदूमचे होते, आणि ते दुखत होते.

सातवा मेंदू मावशीचा. मावशी म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवून घडवलेला पेशीमेंदू. काचेच्या हंड्यात, कोमट खाऱ्या पाण्यात नऊ वर्षं बसून ती स्थानकाची हवा, पाणी, दिवे, स्वयंपाक असं सगळं सांभाळायची. आणि मग एकाएकी विसरायला लागली. एकदा भातात मीठ पाच वेळा पडलं, ते हसण्यावारी गेलं. नंतर हवेचा पंखा लावायचा राहिला आणि सहाही जण अर्धा तास पाण्याबाहेरच्या माशांसारखे आ वासून बसले, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

प्रयोगशाळेत बैठक बसली. स्थानकाचा यंत्रकारागीर केरबा तिथंच नळाचा वायसर बदलत होता, म्हणून त्यानं ती ऐकली. बदलत नसता तर बरं झालं असतं, असं त्याला पुढं वर्षभर वाटत राहिलं.

“पेशी ठणठणीत आहेत,” मेंदूतज्ज्ञ डॉ. इक्बाल तांबोळी म्हणाले, “पण नव्या फुटत नाहीत. शिवाय उदास असते. काल विचारलं, कशी आहेस? तर म्हणाली, असून काय करायचंय!”

“नऊ वर्षं बसून आहे, दुसरं काय होणार?” स्थानकाच्या वैद्य डॉ. विभावरी कुंटे म्हणाल्या. “माणूस चालतो, धावतो, तेव्हा स्नायूंतून रक्तात काही द्रव्यं सुटतात. श्रमरस म्हणा. तो मेंदूत पोचला की आठवणीच्या पेशींना पालवी फुटते, मन हलकं होतं. हिला स्नायूच नाहीत. रस येणार कुठून?”

“मग हंड्याला पाय लावायचे?”

“उसने घ्यायचे.”

सहाही जणांना एक दिवस जागच्या जागी फिरणाऱ्या धावपट्ट्यावर पळवून रक्त तपासलं. पाच जणांच्या रक्तात रसाचा थेंब नाही, केरबाचं मात्र काठोकाठ.

“कोल्हापूरचं पाणी!” तांबोळींनी निकाल देऊन टाकला.

“साहेब, मी छप्पन्न वर्षांचा हाय,” केरबा म्हणाला. “आणि सहा म्हैन्यांत माझं परतीचं यान हाय.”

त्या यानानं तो गेला नाही. पुढच्याही नाही. रोज सहा किलोमीटर धावायचं, संध्याकाळी कुंटेबाईंनी रक्त काढून त्यातला रस गाळायचा आणि हंड्यात सोडायचा. महिन्याभरात मावशी सुधारली. मीठ बेताचं पडू लागलं. पण केरबा दमला. तरुणपणी तालमीत जोर-बैठका काढून त्याचं जन्माचं पोट भरलं होतं. आता पट्टा दिसला तरी पोटऱ्यांत गोळे यायचे.

खाली गावात त्याची बायको शेवंता फोनवर म्हणाली, “दोन यानं चुकलीसा. तिसरं चुकलं तर मी काय फोनला उभी ऱ्हायची न्हाई. आणि म्हशीचं नाव तरी आठवतंय का?”

केरबाला आठवेना. शेवंतानं फोन ठेवला.

तिसरं यान चार महिन्यांवर आलं तेव्हा केरबानं विचार केला, रस आटला की आपण बिनकामाचे, आणि बिनकामाच्या माणसाला घरी धाडतात. त्यानं जुन्या बुटांत चिंध्या भरल्या, ते एका मोटारीला जोडले आणि पट्ट्यावर सोडून दिले. धप्‌ धप्‌ धप्‌! बूट सहा किलोमीटर पळायचे आणि केरबा शेजारी डोळे मिटून बसायचा.

वीस दिवस झाले, पण रस काही आटला नाही. “वा केरबा, बाटली भरून!” कुंटेबाई रोज म्हणायच्या आणि केरबाचं तोंड रोज कडू व्हायचं.

त्यात, बूट पळायला लागल्यापासून बिघाडांची साथ आली होती. एक नंबरच्या खोलीतला दिवा गेला, तो लावतो न लावतो तोच एकवीस नंबरचा नळ गळायला लागला. तिथून निघतो तर पुन्हा एक नंबरचं दार अडकलेलं. स्थानक चाकासारखं गोल, चाळीस खोल्यांचं. बाकीचे पाच जण रुळावरच्या सरकपाटावर बसून फिरायचे, पण हत्यारांच्या पेटीसकट बसायला त्यावर जागा नव्हती. केरबाला चालावंच लागायचं.

एकविसाव्या दिवशी सकाळी तो पेटीवर टेकला आणि बिघाडांची वही चाळू लागला. दिवसाला वीस बिघाड, आणि प्रत्येक बिघाड आधीच्याच्या बरोब्बर समोर. चाकाचा घेर सहाशे मीटर, म्हणजे अर्धा घेर तीनशे. वीस गुणिले तीनशे.

सहा किलोमीटर! ना एक पाऊल कमी, ना एक जास्त.

तो पाना घेऊन हंड्यासमोर उभा राहिला. “मावशी, खरं सांग. बिघाड तू करतीस?”

“तू बूट पळवतोस,” मावशी म्हणाली. “मी तुला पळवते.”

“बैल केलास माझा!”

“बैलाला म्हशीचं नाव आठवतं होय रे?”

केरबानं पाना खाली केला. कालच एकवीस नंबरच्या नळाकडं जाताना ते अचानक आठवलं होतं. चंद्री! त्यानं शेवंताला फोन केला, आणि ती कितीतरी दिवसांनी हसली होती.

“रस आधी तुझ्याच डोक्यात जातो,” मावशी म्हणाली. “उरलेला माझ्याकडं येतो. पट्ट्यावर मात्र तू रडत पळायचास. तसल्या पळण्याचा रस मलाही आंबट लागायचा.”

“ते झालं. पन मी दमलोय गं. यान तीन म्हैन्यांवर आलंय. मी गेलो तर तुझं काय हुनार?”

“कोल्हापूरचं पाणी वगैरे काही नाही. तू पेटी घेऊन वर्षानुवर्षं चालतोस, ते पाच जण सरकपाटावर बसतात. एका दिवसात कुणाचं रक्त तयार होतं का? सहा आठवडे रोज चालले तर त्यांनाही रस सुटेल.”

“मग सांग की त्यास्नी!”

“डॉक्टरांना व्यायाम करा म्हणून सांगू? कधी ऐकलंय डॉक्टरांनी?” हंड्यात एक बुडबुडा उठला. “सरकपाटाची कळ तेवढी काढून खिशात ठेव. बाकीचं मी बघते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंटेबाईंची हाक आली. “केरबा, चहाची यंत्रं बंद पडलीत! एकट्या चोवीस नंबरच्या खोलीतलं चालू आहे. आणि सरकपाटही हलत नाही!”

“त्याची कळ गेलीया, बाई. नवी यानातनंच येनार.”

“अरे, मग चहाला मी तिथपर्यंत जाऊ कशी?”

केरबा पेटीवर बसला. दोन्ही पाय उचलून त्यानं समोरच्या पाइपवर ठेवले.

“चालत जा, बाई. सोबत हाय. तांबोळीसाहेब पन तिकडंच निघाल्यात. त्यांच्या खोलीतला संडास तुंबलाय.”